न्याहारीला काय घेतलंत?

स्वतः तपासून पाहिल्याशिवाय जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या आतेच्या नशिबी आला. आतेचे यजमान म्हणून आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. आतोबा पोस्टमन होते. मालवणच्या बाजूला, खाडीच्या अल्याडच्या पाच-सात वाड्यांमधून त्यांनी तीस-एक वर्षं पत्रं वाटली. पेन्शनीत निघाल्यावरही सकाळ झाली की पाय घरात ठरायचे नाहीत, म्हणून हातात एकही पत्र नसताना ते त्याच वाटेनं, त्याच वेळेला, त्याच घरांवरून फिरून यायचे. फिरून येताना खिशात पत्रांऐवजी प्रश्न घेऊन यायचे. आज एकादशी आहे असं आतेनं सांगितलं की हे पंचांग काढणार, आणि पंचांगात एकादशी निघालीच तर शेजारच्यांचं पंचांग मागवून ताडून बघणार. लग्नात भटजींनी ‘सावधान’ म्हटलं तेव्हा यांनी खरंच मागे वळून बघितलं होतं, असं आते सांगायची. ती थट्टा करायची की खरं सांगायची हे मला कधी कळलं नाही, आणि आतोबांना विचारलं तर ते म्हणायचे, “त्या वेळेक टिपून ठेवूक नाय रे. आता सांगून काय उपयोग?”

टिपून ठेवणं हे त्यांचं व्यसन. बाजारात शाळकरी पोरांच्या रेघी वह्या मिळतात, तसल्या वह्यांचा एक गठ्ठाच त्यांच्या खाटेखाली असायचा. कावळा ओरडला की पाहुणा येतो, असं आपण सगळेच म्हणतो. आतोबांनी त्याची वर्षभर वही घातली. एका रकान्यात कावळा, दुसऱ्यात पाहुणा. वर्षात पाहुणे आले ते मोजून चारदा, कावळा मात्र एक दिवस चुकला नाही. त्यांनी मोठ्या समाधानानं आतेला हे वाचून दाखवलं, तर आते तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “तुमी वही घेवन दारात बसतास, तर घराक येतलो कोण?” दुसरा एखादा नवरा यावर भडकला असता. आतोबांनी तिसऱ्या दिवशी वहीत शेवटी लिहिलं, ‘शक्य आहे. टिपणाऱ्याच्या धास्तीने पाहुणे कमी आले असावेत.’ आम्ही पोरं लोळून लोळून हसलो होतो. पुढं नोकरीत मोठमोठ्या विद्वानांचे अहवाल हाताखालून गेले, पण बायकोचा आक्षेप असा मुकाट्यानं नोंदवून घेणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

एकदा तर त्यांनी ‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीचीच परीक्षा घेतली. आतेनं चुलीवर उकड्या तांदळाचं मोठं भांडं चढवलेलं. हे पळी घेऊन गेले. एक शीत वरचं काढलं, एक मधलं, एक तळाचं. वरचं कच्चं, मधलं शिजलेलं, तळाचं करपलेलं. तिन्ही शितं केळीच्या पानावर ओळीनं मांडून ते आतेला म्हणाले, “बघ, तिनांतल्या खंयच्या शितावरना तू भात उतरतलंस?” आते म्हणाली, “ढवळूचा आसात तर चुलीकडे येवन बसा, रोज तुमीच शिजवा.” झालं, त्यांना पाहिजे होतं ते मिळालं. वहीत लिहिलं, ‘शितावरून शिताचीच परीक्षा होते. भाताची व्हायची असेल तर आधी ढवळले पाहिजे.’ कोल्हापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला प्राध्यापक तीन दिवस घसा खरवडून जे शिकवत होते ते हेच, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण आपल्या घरच्या माणसाला काही कळतं हे मान्य करायला फार मोठं मन लागतं, आणि विशीतल्या दीडशहाण्याकडे ते कुठून असणार?

गाव त्यांच्या या उद्योगाला ‘चवकशी’ म्हणायचं. “काय भाऊनू, आज कसली चवकशी?” असं वाटेत भेटेल तो विचारायचा आणि आतोबा थोडे खट्टू व्हायचे. त्याला कारण होतं. एकदा वालावलच्या देवळात कुणी पुण्याकडचे विद्वान जुने कागद चाळायला आले होते. आतोबा तिथवर चालत गेले आणि दिवसभर त्यांच्या शेजारी बसून बघत राहिले. संध्याकाळी हळूच विचारलं, “आपण करता, याला काय म्हणतात?” विद्वान म्हणाले, “संशोधन.” तो शब्द आतोबांनी घरी आणला. वहीवर मात्र तो त्यांनी कधी लिहिला नाही. त्यांचं म्हणणं, आपल्या कामाला आपणच ते नाव द्यायचं नसतं. शिकलेल्या माणसानं वही वाचावी आणि त्यानं म्हणावं. त्यांना दुसरं काही नको होतं. मानपत्र नको, पेपरात नाव नको. सातवी फायनलपर्यंत शिकलेल्या या पोस्टमनला एका जाणत्या माणसाच्या तोंडून तो एक शब्द ऐकायचा होता, आणि आमच्या सगळ्या गोतात जाणता होण्याच्या वाटेवर होतो तो मी एकटा. मी सुट्टीत घरी आलो की ते माझ्या वह्या-पुस्तकांवरून हात फिरवत बसायचे आणि म्हणायचे, “लवकर शिक रे झिला.”

त्यांचं सगळ्यांत मोठं काम सुरू झालं ते पत्रांवरून. पोस्टमन म्हणजे तेव्हा नुसती पत्रं वाटणारा नव्हे. निम्म्या बायकांची पत्रं वाचून दाखवायची आणि उत्तरंही लिहून द्यायची. नवरे मुंबईला. बाई अंगणातल्या खळ्यात बसून तासभर आतोबांजवळ रडगाणं सांगायची: पोर तापलंय, कौलं गळतात, तांदूळ संपत आले. आणि “आता लिहा” म्हटलं की पदर सावरून, घसा साफ करून, शुद्ध मराठीत सांगायची, “आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत. काळजी नसावी.” आतोबांना याचं मोठं नवल वाटे. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. माशाच्या वाट्यात एक बांगडा जास्त आला तरी हाक मारून परत देणारी. मग कागद समोर आला की हिच्या घरातलं दुःख जातं कुठं? हा प्रश्न त्यांनी वीस वर्षं मनात ठेवला आणि पेन्शनीत निघाल्यावर तपासायला घेतला.

रीत मोठी गमतीची होती. आमच्या वाडीतल्या प्रत्येक घरी ते दोनदा जाणार. एकदा पोस्टाचा जुना खाकी कोट चढवून, हातात वही घेऊन, शुद्ध मराठीत विचारणार, “न्याहारीला काय घेतलंत?” पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा त्याच घरी, उघड्या अंगानं, कमरेला पंचा, हात रिकामे, उंबऱ्यावर टेकून विचारणार, “सकाळी काय खाल्लंत गो?” अर्ध्या घरांत कोट आधी, अर्ध्या घरांत पंचा आधी, कारण कोण आधी गेलं त्याचा परिणाम नको. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं हो! मासे विकणारी गंगाबाय त्यांच्या पहिल्या घरांपैकी. कोटाला तिनं पाट दिला आणि सांगितलं, “चहा आणि पोळी घेतो आम्ही, साहेब.” आयुष्यभर जिला ‘गंगे’ म्हणून हाक मारली तिनं साहेब म्हटल्यावर आतोबांना हसू आवरेना, पण त्यांनी इमानदारीत ‘चहा, पोळी’ लिहिलं. पंधरा दिवसांनी पंचा नेसून गेले तर टोपली डोक्यावर घेता घेता तीच गंगाबाय म्हणाली, “पेज, आणि काय! तुमच्या घराक बासुंदी शिजता काय भाऊनू?”

आमच्याकडे पेज सगळेच खातात. उकड्या तांदळाची गरम पेज आणि सोबत सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा, याहून चांगली न्याहारी मी तरी खाल्ली नाही. पण ती कागदावर सांगायची नसते. आणि घरातला भात किती महिने पुरतो, हे तर मुळीच नाही. कोटाला सगळ्यांनी सांगितलं, वर्षभर पुरतो. पंच्याला सांगितलं, आषाढात कणगीच्या तळाला हात लागतो आणि मग पेजेत शितं शोधावी लागतात. सबंध वाडी अशी दोनदा पालथी घालून त्यांनी दोन वह्या भरल्या. गावात बोभाटा झाला की भाऊ कोट घालून आले तर शुद्धीवर असतात, उघडे आले तर डोकं फिरलेलं असतं. आते म्हणायची, “माका दोन्ही सारखेच.” वहीच्या शेवटी निष्कर्ष एका ओळीचा: ‘कोटाला पोळी, पंच्याला पेज.’ आणि त्याखाली, बारीक अक्षरात, ‘हे आमच्या वाडीपुरते. इतर ठिकाणी विचारून पाहावे लागेल.’

आता माझं पुराण येतं, ते सांगायला जीभ जड होते. मी पदवी घेऊन रत्नागिरीला एका सरकारी खात्यात चिकटलो. हुद्दा अन्वेषक. आतोबांना त्या शब्दाचं कोण कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमचो झील अन्वेषक झालो.” वर्ष-दीड वर्षात आमच्याच भागातली एक पाहणी निघाली. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत लोक काय खातात, घरचं धान्य किती महिने पुरतं, हे विचारायचं. आणि ज्या काठाला गरज जास्त, तिथं स्वस्त धान्याचं दुकान द्यायचं. दुकान एकच होतं. माहितीतला मुलूख म्हणून अल्याडचा काठ मी मागून घेतला. हेतू लोकांना सांगायचा नाही अशी सक्त ताकीद होती, नाहीतर लोक मुद्दाम रडगाणं गातात म्हणे. मी आतोबांना तेवढं बोललो, कारण त्यांच्या पोटात गोष्ट राहायची.

छापील फॉर्म घेऊन, इस्त्रीची विजार घालून, पायात बूट चढवून मी आमच्याच वाडीत हिंडलो. ज्यांनी माझा शेंबूड पुसला त्या बायका मला बसायला खुर्ची शोधू लागल्या. फॉर्मवर होतं तसं मी वाचलं, “न्याहारीला काय घेता?” गंगाबाय दारात उभी राहून म्हणाली, “चहा आणि पोळी घेतो आम्ही.” तिच्या मागे चुलीवर पेज रटरटत होती. तिचा वास मला येत होता. काय सांगू, तो वास नाकात घेऊन मी फॉर्मवर ‘चहा, पोळी’ लिहिलं. विचारलेल्या माणसानं दिलं तेच उत्तर लिहावं, असा नियम होता. धान्य किती महिने पुरतं? “वर्षभर पुरतं, साहेब.” तेही लिहिलं. साहेब या शब्दानं मला त्या दिवशी हसू आलं नाही. बरं वाटलं.

संध्याकाळी आतेच्या खळ्यात मी फॉर्म लावत बसलो होतो, तर आतोबा त्या दोन वह्या घेऊन आले. पोस्टातल्या सुतळीनं बांधलेल्या. समोर ठेवल्या आणि माझ्या समोर चक्क मांडी घालून बसले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. म्हणाले, “बघ. आणि काय ता सांग.” मी चार पानं उलटली. खोटं कशाला बोलू, चारच. आणि माझी नवीन अक्कल पाजळली. म्हटलं, “आतोबा, हे संशोधन नव्हे. एका माणसानं एका वाडीत केलेली टिपणं आहेत. यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. तुम्हीच लिहिलंय बघा, वाडीपुरतं.”

“म्हणान तर तुका दाखवतंय,” ते म्हणाले. “माझ्याकडे एक वाडी. तुझ्याकडे अख्खो जिल्हो आसा. तू विचारून बघ.”

“आमचा फॉर्म सगळीकडे सारखा असतो, आतोबा. म्हणून तो शास्त्रशुद्ध.”

“मगे सगळीकडे एकच खोटा येतला.”

मी चिडलो. पेज खाणारी चार घरं म्हणजे देश नव्हे, असं काहीतरी बोललो. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पंच्याला पुसला आणि शांतपणे म्हणाले, “ह्या पेजेचा न्हय रे झिला. ह्या विचारण्याचा.” या एका वाक्यात सगळं होतं. त्यांचा शोध आमची वाडी काय खाते हा नव्हताच. कागद घेऊन आलेल्या माणसाला माणसं काय सांगतात, हा होता, आणि तो आमच्या वाडीत अडकून राहणारा नव्हता. मला तो तेव्हा कळला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. थोडा कळला होता. पण तो मानला असता तर माझे सगळे फॉर्म केराच्या टोपलीत गेले असते, आणि साहेबांना काय सांगणार होतो? पोस्टमन आतोबांनी पंचा नेसून असं सिद्ध केलंय म्हणून?

मग आतोबा काकुळतीला आले. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. “दुकान पलीकडे गेला तर पावसात बायकांनी काय करूचा? ऐक माझा. एकदा ती विजार काढ, माझो पंचो नेस, आणि गंगाबायच्या खळ्यात जावन विचार. एका घराक विचार. मगे तुका वाटात ता लिही.” मी म्हटलं, “सरकारी काम पंचा नेसून होत नाही.” आते आतून ऐकत होती. ती म्हणाली, “अहो, मगे तुमीच सांगा लोकांक, खरा काय ता सांगा म्हणान.” आतोबांनी मान हलवली. “माका सांगूक काय झाला? पण मी सांगलंय तर तेची पाहणी नासतली.” म्हणजे बघा, माझ्या पाहणीची अब्रू राखायची म्हणून या माणसानं तोंड शिवून घेतलं, आणि त्यांचं काम मी चार पानांत निकालात काढलं होतं. ते उठले, वह्यांना पुन्हा सुतळी बांधली आणि म्हणाले, “बरा. तू शिकलेलो.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो कधीच विसरलो असतो.

आमच्या काठाची परिस्थिती समाधानकारक निघाली. दुकान पलीकडे गेलं. पलीकडच्या काठावर दुसऱ्या एकानं विचारलं होतं. त्याच्या अंगावर साधा सदरा होता आणि तो त्यांच्याच बोलीत बोलायचा, असं मला मागून कळलं. पहिल्याच पावसाळ्यात व्हायचं ते झालं. खाडीला पाणी चढलं की होडीची तर, म्हणजे ये-जा, बंद व्हायची. उघडीप मिळाली की डोक्यावर इरलं घेतलेल्या बायका काठावर तास न् तास बसायच्या, आणि आणलेलं धान्य निम्मं भिजून घरी यायचं. म्हाताऱ्या माणसांचं कोण आणणार? आतोबा आणायचे. साठी उलटलेला माणूस, पोस्टाची जुनी पिशवी मेणकापडात गुंडाळून, आठवड्यातून दोनदा होडीत बसायचा आणि अल्याड येऊन त्याच जुन्या वाटेनं घरोघरी तांदूळ वाटायचा. लोक सरकारच्या नावानं बोटं मोडायचे. कुणाच्या फॉर्ममुळं हे झालं, हे त्या गावात फक्त आतोबांना आणि आतेला माहीत होतं. दोघांनीही ते कधी कुणाला कळू दिलं नाही. गंगाबाय मला भेटली की पूर्वीसारखीच म्हणायची, “मोठो साहेब झालो आमचो झील,” आणि मला खाली बघावं लागायचं. वह्यांचं विचारलं तेव्हा आते म्हणाली, “तू गेलंस तेच्या मागसून वही उघडूक नाय तेनी. कावळो ओरडलो तरी बघनत नाय.”

त्यानंतर माझं आतोबांशी बोलणं बदललं. कुणी ठरवलं नाही, पण शरम आली की माणूस जरा लांब उभा राहून बोलतो. मी त्यांच्याशी ऑफिसातलं मराठी बोलायला लागलो. ‘आपली प्रकृती’, ‘कळावे’, असलं सगळं. तेही मला तसंच उत्तर देत. पत्रंसुद्धा तशीच यायची, ‘आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत.’ मी ती वाचायचो आणि घडी करून ठेवायचो. पोस्टमनच्या हातचं ते वाक्य वाचूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, तर मला अन्वेषक म्हणणाऱ्यांची कमाल आहे.

पुढं माझी बदली खानदेशात झाली. तिथं एका गावी फॉर्म भरताना माझ्याबरोबरचा शिपाई, अगदी सहज, त्याच घरात अहिराणीत काहीतरी बोलला आणि घरातल्या बाईनं त्याला वेगळंच सांगितलं. मी चमकलो. दुसऱ्या दिवशी मी विजार काढून धोतर नेसलो, फॉर्म खोलीत ठेवला आणि शिपायाला घेऊन पुन्हा त्याच घरांतून हिंडलो. तिथं पेज नव्हती. तिथं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती आणि तीही एकवेळ. पण कोटाला तिथंसुद्धा पोळीच. पुढल्या वर्षी वऱ्हाडात बघितलं. तिथंही तेच. मी वरिष्ठांना टिपण लिहून दिलं की पाहणी करणाऱ्यानं त्या गावच्या बोलीत आणि कागद बाजूला ठेवून विचारावं. वरिष्ठ खूश झाले, माझी पाठ थोपटली, म्हणाले, “हे खरं संशोधन.” मी मान तुकवली. हे कुणाचं, ते सांगितलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर ज्याच्या परसात पिकलं त्याला न विचारता मी विकून मोकळा झालो होतो.

मनाला मात्र टोचणी लागली. त्या मे महिन्यात रजा काढून, कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून मी गावी आलो तो एवढ्याचसाठी. सगळं पाठ करून ठेवलं होतं: आतोबांच्या पाया पडायचं, त्या वह्या मागायच्या, या वेळी सगळी पानं वाचायची आणि सांगायचं, तुमचं बरोबर होतं, मी दोन ठिकाणी विचारून बघितलं, आणि तुम्ही केलंत त्याला संशोधन म्हणतात. आतोबा खळ्यात बाजेवर पडले होते. वाळले होते. मला बघून उठून बसले आणि अंगावर सदरा ओढला. मी खुर्चीवर बसलो. सहा वर्षांची सवय, जिभेवर आलं तेच बोललो, “आतोबा, प्रकृती कशी आहे आपली?”

“उत्तम आहे,” ते म्हणाले. “काळजीचं काही कारण नाही.”

मला हायसं वाटलं. म्हटलं, माणूस ठणठणीत आहे, घाई कशाला? गंगाबाय आणि शेजारपाजारची चार माणसं येऊन बसली होती, त्यांच्यासमोर ते सगळं काढायला जीव धजेना. गणपतीच्या चवथीला येईन तेव्हा निवांत बसू, दोघंच असू, तेव्हा सांगू असं ठरवलं आणि दोन दिवस राहून मालवणहून गाडी पकडली. निघताना ते दारापर्यंत आले होते. “सुखरूप जा,” म्हणाले.

श्रावणात ते गेले. मी पोचलो तो बाराव्याच्या आदल्या दिवशी. माणसं उठून गेल्यावर आते आणि मी दोघंच स्वयंपाकघरात बसलो होतो. मी म्हटलं, “आते, असं अचानक कसं झालं? मे महिन्यात तर मला उत्तम आहे म्हणाले होते.”

आते माझ्याकडे बघतच राहिली. “उत्तम? छातीत सारख्या दुखा होता रे त्येंच्या. रात्रीचे बसान काढीत. माका आणि गंगेक तर सांगत होते, ह्या चवतीक मी आसतलंय असा वाटणा नाय.” मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, “तू तेंका विचारलंस कसा?”

मी सांगितलं. जसं विचारलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

“मगे ते तरी काय सांगतले?” आते म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून उठली.

ती माझ्यावर रागावली नव्हती. नंतर तिनं मला जेवायलाही वाढलं.  मी हजारो लोकांना त्यांच्या त्यांच्या बोलीत विचारलं, खानदेशात विचारलं, वऱ्हाडात विचारलं, आणि त्याबद्दल बढती घेतली. ज्यांच्याकडून ते शिकलो त्यांच्याजवळ, बाजेच्या कडेवर टेकून, “आतोबानू, कसा वाटता?” एवढं विचारलं असतं, तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि मग मीही त्यांना सांगितलं असतं.